डिझेल पडलेला कोपरा

नवरा गेला तेव्हा मी रडले नाही. बायांनी मला धरून हलवलं, एकीनं तर दंडाला चिमटा काढला. रड म्हणाली, नाहीतर डोक्यात जाईल. मी म्हटलं, आधी गुरांना पाणी दाखवा. माझं तोंड पहिल्यापासूनच फाटकं, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. आत मात्र काहीच हलत नव्हतं. अंगाखाली दबून हात बधिर व्हावा, तसं सगळं झालं होतं.

आमच्या गावात आता बरेचजण राख नदीला नेत नाहीत, आपल्याच रानात पुरतात. ह्यांनीही तसंच सांगून ठेवलं होतं. सावडायच्या दिवशी दिरानं कर्जतच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. मी ओंजळीनं राख सोडली आणि वर माती ओढली.

उन्हाळ्यात डिझेलचा टँकर तिथंच वळणावर उलटला. ड्रायव्हर खरचटण्यावर सुटला. गाव डबे, कॅन, अगदी पाण्याचे हंडे घेऊन धावलं. लोकांना मिळालं तेवढं त्यांनी नेलं, बाकीचं उतारानं आमच्या रानात आलं आणि त्याच कोपऱ्यात तुंबलं. मी बांधावर उभी राहून बघितलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वासानं डोकं तेवढं उठलं.

टँकरवाल्याचा माणूस आला. म्हणाला, जेसीबी लावतो, वरची माती उचलून नेतो, चांगली आणून टाकतो. दीर लगेच तयार झाला.

मी म्हटलं, "माती उचलायची नाही."

"अहो ताई, तिथं गवतसुद्धा उगवायचं नाही."

"नको उगवू दे."

बाई चळली की काय, असं तो दिराकडं बघायला लागला. दिराला मात्र कळलं. त्यानं मान खाली घातली आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडून आला. माझा माणूस उचलून कुठल्यातरी खाणीत नेऊन ओततील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याला दुःख म्हणू नका, हट्ट होता तो.

पण दिराला स्वस्थ बसवेना. तलाव आटला की आमच्याकडं त्यातला गाळ काढून हलक्या रानात टाकतात, रान सुधारतं. जमिनीला काहीही झालं की गाळ, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यानं न विचारता ट्रॉली आणली, कोपऱ्यावर गाळ पसरला आणि वरून ट्रॅक्टर फिरवून चोपून टाकला. वास थांबला. मीसुद्धा म्हटलं, बरं केलंत भाऊजी. पावसाळा लागला तरी तिथं गवताची काडी आली नाही. खुरपं घालून बघितलं, तर खाली डिझेल आजच सांडल्यासारखं.

दिराची पोरगी कृषी महाविद्यालयात मातीचंच शिकते. ती सुट्टीत आली, ढेकूळ नाकाला लावलं आणि बापावरच उखडली. "आप्पा, तुमी त्यांचा श्वास कोंडला की."

दीर दचकला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"जिवाणूंचा म्हणतीये मी," ती म्हणाली.

मग बांधावर बसून तिनं आम्हाला सांगितलं. चिमूटभर मातीत मोजता येणार नाहीत एवढे जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यातले काही डिझेल खातात. त्यांना बाहेरून आणावं लागत नाही, ते मातीत असतातच, खायला मिळालं की वाढतात. पण त्यांना हवा लागते, ओल लागते. "आन् नुसत्या तुपावर माणूस जगंल का, काकू? भाकर नको? शेणखत घाला त्यास्नी."

मी विचारलं, "राख पण खातील का?"

तिनं हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. "न्हाई काकू. राखेत खाण्यासारखं काही उरलेलंच नसतं."

बरं, म्हटलं.

गाळ खोऱ्यानं ओढून काढला. शेणखत घातलं, काडकचरा घातला. दर आठ-दहा दिवसांनी कुदळीनं माती खालीवर करायची, पाणी शिंपडायचं, चिखल होऊ द्यायचा नाही. दीर मदतीला यायचा, मी त्याला हात लावू दिला नाही. बाया म्हणायच्या, कोपरा उकरत बसते, डोकं फिरलंय हिचं. मी म्हणायची, फिरू दे, तुमच्या दारात तर येत नाही ना. खरं सांगायचं तर मला ते काम बरं वाटायचं. कुदळ मारताना माणसाला काही वाटावं लागत नाही.

दिवाळीपर्यंत वास विरळ झाला. मग कुठं कुठं हरळी फुटली. पोरीनं माती कॉलेजात नेऊन तपासली आणि फोनवर म्हणाली, बरंच गेलंय, थोडं राहिलंय, ते पण खातील.

संक्रांतीनंतर वर्षश्राद्ध आलं. नैवेद्याचं पान राख पुरली तिथं ठेवायचं होतं. दीर पान घेऊन पुढं चालला, मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन. कोपऱ्यात पोचल्यावर तो थांबला.

"वैनी, कुठं ठेवू?"

दाखवायला मी हात उचलला आणि तो तसाच राहिला. जेसीबीला मी पाऊल टाकू दिलं नव्हतं. आणि मीच माझ्या हातानं ती माती इतक्यांदा खालीवर केली होती की खड्डा कुठला आणि राख कुठली, काही ओळखू येईना. सगळीकडं सारखीच भुसभुशीत माती.

"वैनी?"

"ठेवा कुठंही."

त्यानं पायाशीच पान ठेवलं. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी ढेकळं फोडून शोधायला लागले, येड्यासारखी. दिरानं अडवलं नाही. माझा माणूस गेला, हे मला तेव्हा कळलं.