गियरशेजारचा गणपती

गाडी घेतली त्या दिवशी पूजा झाल्यावर आईने गियरशेजारच्या सपाट जागेवर बोटभर पितळी गणपती स्वतःच्या हाताने बसवला. तेही चिकटवायचं पक्कं सोल्यूशन लावून. "आपल्या गाडीच्या वाटेत कोणी येऊ नये, देवा," म्हणाली. मी हसलो. ऑटोमॅटिक गाडी, वर आईचा देव, म्हणजे चिंता मिटली.

तीच गाडी गांधीबागेत, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत बंद पडली. शेजारी आई, तिच्या मांडीवर साडीची पिशवी. पुन्हा चालू करावी म्हणून मी गियर पार्किंगला टाकला, बटण दाबलं, नुसती टकटक झाली आणि समोरचे सगळे दिवे विझले. एका बाजूला गाठोड्यांच्या हातगाड्या, दुसऱ्या बाजूला दुकानाचा ओटा. मागे रुग्णवाहिका.

नागपुरात धक्का मारायला माणसं बोलवावी लागत नाहीत. पाच-सहा जण डिक्कीला भिडले. गाडी तसूभर हलेना.

"न्यूट्रल कर ना गा, भाऊ."

"होऊनच नाही राहिलं."

मी ब्रेक दाबून गियरचा दांडा ओढत होतो. दांडा ढिम्म. सायरन डोक्यात घुसत होता. इतकी माणसं मदतीला उभी आणि मी त्यांना गाडी ढकलूही देऊ शकत नव्हतो, याची भयंकर लाज वाटत होती. तेवढ्यात रुग्णवाहिकेतून एक बाई उतरून माझ्या खिडकीशी आली. भांडली असती तर परवडलं असतं. तिने हात जोडले.

"भाऊ, माह्या मालकाले श्वास घेता नाही येऊन राहिला. काहीतरी करा नं."

मी गाडीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बॅटरी गेली की गियर पार्किंगमध्येच अडकतो. गियरशेजारी एक छोटं झाकण आहे. ते उचकटा, आत किल्लीचं टोक दाबून धरा, मग गियर न्यूट्रलला येईल."

तिथे झाकण दिसत नव्हतं. तिथे गणपती होता.

माझा हात मूर्तीपर्यंत गेला आणि थांबला. पूजलेला देव उपटायचा, आणि तेही आईच्या डोळ्यांदेखत.

"काहून थांबला?" आई म्हणाली. उत्तराची वाट न पाहता तिने दोन्ही हातांनी मूर्ती धरली आणि पिळली. दोनदा सुटली नाही. तिसऱ्यांदा झाकणासकट हातात आली.

मी किल्ली खुपसली, दांडा सरकला, मागच्यांनी गाडी कोपऱ्यापर्यंत रेटली. रुग्णवाहिका निघून गेली. ती बाई आमच्याकडे बघायलासुद्धा थांबली नाही.

गाडी तिथेच ठेवून ऑटोने बेसाला घरी परतताना आईच्या बोटाला पदर गुंडाळलेला होता, मूठ मिटलेली. घर जवळ आल्यावर तिने विचारलं, "वाचला असंन का गा तो?"

मला काय माहीत? ती माणसं कोण, कुठल्या दवाखान्यात गेली, काहीच कळलं नाही. अजूनही नाही.

गणपती आता घरच्या देव्हाऱ्यात असतो. गाडीत बसताना आई आजही हात जोडते. मागणं मात्र बदललं आहे. "आपण कोणाच्या वाटेत येऊ नये, देवा," म्हणते.