काहीच न मिळणारं गाव

मुलांनो, आज जुना कीबोर्ड पुसताना त्याला अजून मोहाच्या तेलाचा वास आला, म्हणून हे लिहिते. अर्धांगवायूनंतर तुमच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या हाताला मी ते तेल चोळत असे. तुमचे बाबा तेव्हा परदेशी होते आणि साकोलीतल्या आजोबांना एका ऑनलाइन खेळात भेटायचे.

त्या खेळात धोक्याच्या जंगलात अनुभवाचे गुण दुप्पट मिळत आणि सुरुवातीच्या गावात अगदी थोडे. तुमच्या बाबांसारख्या मुरलेल्या खेळाडूला तर त्या गावात काहीच मिळत नसे. आजोबांचा हात थरथरायचा, त्यामुळे ते गावातच अडकले होते.

एका दुपारी त्यांना हे कळलं.

"तुले इथं काहीच भेटत नाही, मंग काहून येऊन राहिला रे?"

"तुम्ही आहा नं इथं, बाबूजी."

"मी का पोट्टा आहो, बोट धरून फिरवाले? जाय तुह्या जंगलात!"

आणि त्यांनी डाव्या हाताने प्लग ओढून काढला. स्पीकरमधला तुमच्या बाबांचा आवाज मध्येच तुटला.

तेव्हा मला तो नुसता ताठा वाटला. आता वाटतं, आपल्यापायी पोरगा मागे राहील, याची त्यांना भीती वाटली असावी. ते पुन्हा खेळले नाहीत, आणि त्याच वर्षी गेले.

त्यांचं त्या खेळातलं खातं तुमच्या बाबांनी अजून बंद केलेलं नाही.