गारगोटीला नेलेली लायब्ररी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पास झालो का नापास, हे विचारायचं धाडस घरात कुणी करत नाही. लोखंड ओतायच्या फाउंड्रीत साचे भरायचं काम करायचो आणि लग्नसराईत खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन शूटिंगला जायचो. लाल दिवा लागला की कॅमेरा चालू, विझला की बंद. एवढ्या ज्ञानावर मी गल्लीत छाती काढून फिरलो.

लेकीचं लग्नही मीच शूट केलं. बाहेरचा माणूस लावायला मी काय मेलो होतो? पोरगी सासरी निघाली तेव्हा डोळं पुसायचं सोडून मी फोकस जुळवत होतो, हे बायको अजून ऐकवते. त्या कॅसेटमध्ये मी कुठंच नाही. विहीणबाई मात्र भरपूर आहेत. पंगतीत बुंदीची पाटी कमरेवर घेऊन त्या मांडवभर फिरल्या, आणि मी कॅमेरा घेऊन बुंदीच्या मागं.

काही वर्षांनी विहीणबाई गेल्या. फोटो दोन-चारच, तेही रेशनकार्डाला काढल्यासारखे ताठ. व्याही गारगोटीला असतात, मोजकं बोलणारा माणूस. फोनवर म्हणाले, "पावणं, ती चालताना दिसंल असं तुमच्याकडंच हाय बघा."

कॅसेट काढली तर बुरशी धरलेली. ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीला जुना कॉम्प्युटर बघायला गेलो. दुकानदारानं दोन तऱ्हा सांगितल्या. सगळे वापरतात ते विंडोज, आणि दुसरं लिनक्स, पण ते आजोबा तुम्हाला झेपायचं नाही. झालं. लिनक्स घेऊनच घरी आलो.

कॅसेट उतरवली, आणि उतरवून संपते न संपते तोच व्हीसीआरनं फीत चावून तिचा चोथा केला. आता जे काही होतं ते कॉम्प्युटरात. लावलं, तर पडदा काळा आणि आवाज तेवढा खणखणीत. "घ्या की वो, लाजताय काय," असं विहीणबाई कुणालातरी बुंदी वाढत होत्या. मी फोन स्पीकरला लावला. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आवाज हाय. ती कुठाय?"

लेक गारगोटीच्या शाळेत शिकवते, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ती म्हणाली, तुमच्या कॉम्प्युटरला हे चित्र उलगडता येत नाही. त्यासाठी एक लायब्ररी लागते. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. व्हिडिओ दाखवणारे प्रोग्रॅम जिच्या जिवावर चालतात, ती. नेटवर तिचा सोर्स, म्हणजे ती बनवायची लिहिलेली कृती, फुकट असतो, त्यावरून ती आपली आपण बनवायची. मी म्हटलं, म्हणजे साचा फुकट आणि ओतकाम आपलं. अगं, हा तर माझाच धंदा. हे एक वाक्य मला पुढं किती नडलं ते सांगतो.

सोर्स आणला. पहिला हुकूम दिला की कॉम्प्युटर आपल्या घरात काय सामान, म्हणजे दुसरे छोटे प्रोग्रॅम, आहे ते तपासतो आणि एखादं नसलं की तिथंच बसकण मारतो. इंग्रजी शब्द मला लागत नव्हते, अक्षरं लागायची. मी फोनवर एकेक अक्षर वाचायचो, लेक त्याचा शब्द जुळवून कुठलं सामान कमी आहे ते सांगायची. सामान पुरं झालं, दुसरा हुकूम दिला, आणि पडद्यावरून ओळी धो धो वाहायला लागल्या. मी हाताची घडी घालून फोरमनसारखा समोर. मधूनमधून 'वॉर्निंग' यायचं. हा शब्द मला फाउंड्रीतल्या विजेच्या बोर्डावरचा माहीत, म्हणून पाय तेवढे खुर्चीवर घेतले.

आणि चित्र आलं. विहीणबाई पाटी घेऊन चालायला लागल्या. मी लगेच व्याह्यांना कळवलं, विहीणबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी येतो, सगळ्या पावण्यांना दाखवतो. लेक म्हणत होती, आबा थांबा, आमचा कॉम्प्युटर विंडोजचा आहे. मी म्हणालो, लोखंड लोखंडच असतंय, आणि फोन ठेवला. तयार झालेली लायब्ररी आणि व्हिडिओ सीडीवर घेतला आणि एसटीत बसलो.

बुद्धवंदना झाली, पावणे सतरंजीवर बसले. व्याही पांढऱ्या कपड्यात अगदी पुढं, गुडघ्यावर हात ठेवून. मी सीडी घातली. पडद्यावर एक चौकोन आला, त्यात इंग्रजी. तो बंद केला, परत आला. मी व्होल्टेज कमी आहे म्हणालो. मग वायरीला दोष दिला. मागनं एक पावणा म्हणाला, "त्यापरास कॅसेटच आणली असती तर?" माणसं हसली. व्याही हसले नाहीत. ते उठले आणि पंगतीला ताटं मांडायला लागले.

लेकीनं मला स्वयंपाकघरात घेतलं. "आबा, तुम्ही ओतलेलं कास्टिंग घेऊन आलाय. ते तुमच्या कॉम्प्युटरच्या मापाचं हाय. इथं साचा आणून नव्यानं ओतायला पायजे."

उभा जन्म साचे भरले, आणि हे मला मास्तरणीनं सांगायचं. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा माझा बाणा होता. पिशवी उचलून स्टँडवर गेलो, कोल्हापूरच्या गाडीत खिडकी धरली. मग ते गुडघ्यावरचे हात आठवले आणि गाडीतनं उतरलो. बाणा कोल्हापूरला गेला, मी परत आलो.

लिनक्समध्ये ओतकामाचं सामान मागितलं की मिळतं. विंडोजच्या घरात मला ना भट्टी दिसली ना फावडं. सगळं बाहेरनं आणायचं. लेक शाळा सुटल्यावर नेट कॅफेतनं एकेक आणायची. मी दिवसभर चुकायचो, ती आली की निस्तरायची. व्याही मागं खुर्ची टाकून बसायचे. त्यानं जास्त घाम फुटायचा.

शेवटी एका संध्याकाळी चित्र आलं. पण उलटं. मांडव खाली, माणसं वर, आणि विहीणबाई डोकं खाली करून बुंदी वाढतायत. असं का झालं ते मला आजही कळलेलं नाही. लेक म्हणाली, कुठंतरी दुरुस्ती असंल, उद्या बघते.

"उद्या न्हाय," व्याही म्हणाले. "पावणं, ह्यो डबा उचला."

तो जुना, पोटाळ मॉनिटर. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी तो उचलला, उलटा केला आणि उशीवर बसवला. कोपऱ्यात हिरवट डाग पडला. पण विहीणबाई सरळ झाल्या. पदर खोचून चालत आल्या, कॅमेऱ्याकडं बघून म्हणाल्या, "माझं काय काढताय, नवरीचं काढा की."

व्याही ओठातल्या ओठात काहीतरी बोलले, ते माझ्यासाठी नव्हतं. व्हिडिओ संपला.

"पयल्यापासनं लावा."

मी माऊस धरला. पडदा उलटा, त्यामुळं हात डावीकडं नेला की बाण उजवीकडं पळायचा. मी बाणामागं धावतोय हे बघून व्याह्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच माऊस धरला. त्यांनाही जमेना, पण ते सोडेनात.