सुभेदार मुसाजींची पलटण

डोझरच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. साइटवर ड्रायव्हर आपणहून खाली उतरला, की एक तर साप निघालेला असतो, नाही तर देव. मला फोन आला, "मेजरसाहेब, लवकर या. दगड आहे. लिहिलेला."

मी मेजर नाही. पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालो. पण पनवेलच्या बाजूला फौजेतून आलेल्या कोणालाही सरसकट मेजर म्हणतात, आणि दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. गोवा रस्त्याच्या रुंदीकरणात मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे लायझन ऑफिसर होतो. म्हणजे मशीनच्या पुढे चालायचं आणि वाटेत झाड, विहीर, देऊळ, थडगं जे येईल त्याच्या माणसांशी बोलून वाट मोकळी करायची. चिडलेल्या गावकऱ्यांसमोर फौजी उभा केला की आवाज जरा खाली येतात. एवढ्यासाठीच मला पगार होता.

दगड पळस्प्याच्या बराच पुढे, रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत होता. वरच्या ओळी मला न कळणाऱ्या लिपीत. खाली स्वच्छ मराठीत सुभेदार मुसाजी असं नाव आणि त्यांच्या पलटणीचा नंबर. माझ्याच हुद्द्याचा माणूस बघून मी नकळत ताठ झालो.

तिथेच काकड्या विकणारी हिराबाई म्हणाली, "त्यो सुबेदाराचा दगड हाय. शनवार तेल्यांचा. पनवेलचा म्हातारा येतो, झाडून जातो."

"कोण म्हातारा?"

"नाव नाय ठावं. आमी इचारलं नाय कदी."

शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. पनवेलमध्ये त्यांची घरं आता थोडीच उरलीत, त्यामुळे म्हातारा सापडायला वेळ लागला नाही.

सॅमसन आपटेकर. बँकेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगी इस्राएलला. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. मी माझा हुद्दा सांगितला तसे ते म्हणाले, "या, सुभेदारसाहेब." कितीतरी वर्षांनी कोणी तरी मला बरोबर हाक मारली.

मी रस्त्याचं सांगितलं. ते खुर्चीत बसले.

"मुसाजी माझ्या पणजोबांचे वडील," ते म्हणाले. "रजेवर घरी येत होते. वाटेत पटकीने गेले, शुक्रवारी दुपारी. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग दफन करता येत नाही. पनवेल गाठायला बैलगाडीला वेळ पुरेना, म्हणून तिथेच पुरले. त्यामुळे बिचारा एकटा पडलाय. मुलगी रोज फोन करते, या म्हणून. व्हिसा आलाय. पण ह्याला कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय मी कसा जाऊ?"

"तुमच्यात पुढे कोणी फौजेत गेलं नाही?"

"जायचे की. मुंबईच्या जुन्या फौजेत आमचे कितीतरी सुभेदार होते. मग इंग्रजांनी जातवार कंपन्या केल्या. एका कंपनीत एकाच जातीची माणसं. आमची संख्याच एवढीशी, कंपनी भरेना. तेव्हापासून आमची माणसं फौजेतून बाहेर पडली ती पडलीच."

मी त्यांना धीर दिला. फौजेत जन्म काढलेला माणूसच देईल असा धीर. म्हणालो, "आपटेकरसाहेब, काळजी सोडा. जवान जातो, पलटण राहते. मुसाजींची पलटण आज नाव बदलून कुठे तरी उभी असेल. ती आपल्या सुभेदाराला रस्त्यावर टाकणार नाही."

हे मी थाप म्हणून बोललो नव्हतो. पलटण म्हणजे बटालियन. दहा जवानांचं एक सेक्शन, तीन सेक्शनची प्लॅटून, तीन प्लॅटूनची कंपनी आणि अशा कंपन्या मिळून पलटण. अनेक पलटणींचं घराणं म्हणजे रेजिमेंट. माझी स्वतःची पलटण कंपनी सरकारच्या काळात उभी राहिलेली. तिचा नंबर कितीदा तरी बदलला, नाव बदललं, गणवेश बदलला, पण वारसा तुटला नाही. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा दिवस आम्ही काल जिंकल्यासारखा साजरा करायचो. रिक्रूटांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, की तू मेलास तरी पलटण तुझं नाव घेत राहील. त्या भरवशावर माणूस गोळीसमोर जातो. दुसरं काय असतं त्याच्याकडे?

प्रोजेक्ट मॅनेजर पाटणकर माणूस वाईट नव्हता, पण वरून त्याच्या मानेवर सतत कोणी तरी बसलेलं असायचं.

"एक थडगं, एक वारस, तोही परदेशी निघालेला," तो म्हणाला. "संमती घ्या आणि हलवा."

"मागे त्या देवळासाठी लाइन वळवली आपण. पुढे दर्ग्यासाठीही वळवली."

"तिथे अख्खं गाव रस्त्यावर बसलं होतं, मेजर. इथे कोण बसणार आहे? तुम्ही?"

"आर्मी बसेल."

पाटणकरने पेन खाली ठेवलं. "युनिफॉर्ममधला एक माणूस येऊन हा आमचा आहे म्हणाला, तर मी गटाराची लाइन दोन मीटर आत घेतो. कन्सल्टंटशी मी भांडतो. पण डोझर मी फार तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवतो. तेवढ्यात आणा."

मी रेजिमेंटच्या सेंटरला फोन लावला. सेंटर म्हणजे जिथे रिक्रूट घडवतात आणि जिथे घराण्याचा इतिहासही सांभाळतात. तिथल्या म्युझियमवर सुभेदार शेळके होता, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सुरुवातीला तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करत बसला, तेव्हाच मला संशय आला.

"शेळके, मुद्द्यावर ये."

"साहेब, ती पलटण मोडली."

"म्हणजे कोणात विलीन झाली?"

"विलीन नाही, साहेब. मोडली. इंग्रजांनी खर्च कमी करायला ज्या पलटणी बंद केल्या त्यातली ती एक. जवान चार ठिकाणी वाटून टाकले, काहींना पेन्शन देऊन घरी पाठवलं. निशाण उतरवलं. तिचा वारसा आजच्या कुठल्याच पलटणीकडे नाही. दुसऱ्या सेंटरलाही विचारलं मी."

"मग आपण आपला म्हणू त्याला. मुंबईच्याच फौजेतला आहे ना?"

"मी कमांडंटसाहेबांपर्यंत गेलो, साहेब. ते म्हणाले, दुसऱ्याच्या सुभेदाराला आपला म्हणून युनिफॉर्म कसा पाठवणार? उद्या खरा वारस निघाला तर?"

मी फोन ठेवला. कमांडंट चुकीचं बोलले नव्हते. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, कोण वारलं का? पलटण मरते, हे मला साठी उलटल्यावर कळलं होतं.

सॅमसनसाहेबांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रागावतील, आणि खरं सांगतो, रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे आम्ही दोघं सारखेच," ते म्हणाले. "त्याची पलटण गेली, माझं गाव. हलवू या. आमच्या कब्रस्तानात नेऊ."

हलवायचा दिवस ठरला. मृतासाठीची कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायला ज्यू धर्मात दहा पुरुष लागतात. दहापेक्षा एक कमी असला तरी ती म्हणत नाहीत. सॅमसनसाहेबांनी ठाण्यापर्यंत फोन केले. कामाचा दिवस, कोणाला रजा नाही, कोणाचं पाठीचं दुखणं, कोणी मुलाकडे गेलेला. आले सहा जण, सॅमसनसाहेब धरून. सगळे म्हातारे.

माणसांनी हळूहळू खणलं. मशीन मी लांब ठेवलं होतं. खाली काहीच निघालं नाही. कोकणातली ओली लाल माती, तिने कधीच सगळं गिळलं होतं. एका थराची माती जरा काळपट दिसली, तेवढी पांढऱ्या कापडात घेतली. गाठोडं एवढंसं झालं. दगड माणसांनी साइटच्या बोलेरोत मागे चढवला, सॅमसनसाहेब गाठोडं मांडीवर घेऊन पुढे बसले. हिराबाईने टोपली बाजूला ठेवून हात जोडले.

कब्रस्तानात खड्डा तयार होता. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो. उरलेले चार जण येतील अशी आशा होती. गेटपाशी रिक्षा थांबली की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या.

"मला धरा," मी म्हणालो. मूर्खासारखंच बोललो.

सॅमसनसाहेब हसले. "तुम्हाला नाही धरता येत, सुभेदारसाहेब. दहा म्हणजे तुमच्यात काय होतं?"

"एक सेक्शन."

"तेव्हा आमची कंपनी भरली नाही. आता सेक्शनही भरत नाही."

कद्दिश झाली नाही. त्यांनी दुसरी काही तरी प्रार्थना हळू आवाजात म्हटली आणि माती लोटली. मी डोक्यावरचं साइटचं पिवळं हेल्मेट काढायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "राहू द्या. आमच्यात उघड्या डोक्याने उभं राहत नाहीत."

आमच्या फौजेत उलट बाजूने तोच नियम आहे. डोक्यावर टोपी नसेल तर सलाम करायचा नाही, नुसतं सावधान उभं राहायचं. माझ्या डोक्यावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव छापलेलं प्लास्टिकचं हेल्मेट होतं. मी सावधान झालो आणि कडक सॅल्यूट मारला. मागे कोणी बिगुल वाजवणारं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

निघताना सॅमसनसाहेबांनी त्यांचा खराटा माझ्याकडे दिला. "फौजेत बदली झाली की चार्ज देतात ना?"

"देतात."

"मग घ्या."

मी घेतला. महिन्याभरात ते इस्राएलला गेले. सुरुवातीला अधूनमधून फोन यायचा, झाडलंत का, म्हणून विचारायचे. पुढे मुलीचा आला. त्यांच्या कद्दिशला तिथे दहा जण सहज जमले, असं तिने सांगितलं.

तो रस्ता मात्र तिथवर आलाच नाही. आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं काम मध्येच बंद पडलं, मशीनं गेली, पाटणकर गेला. मुसाजी जिथे होते तिथला खड्डा तसाच राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि हिराबाईच्या म्हशी बसतात.

या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. नकाशावरची रेघ वळते, पण मागे माणसं उभी असतील तरच. देव असो, पीर असो, नाही तर सुभेदार. कब्रस्तानाचा खराटा अजून माझ्या घरी दारामागे आहे. गुडघे साथ देतात तोवर चार्ज माझ्याकडे आहे. पुढे तो घ्यायला कोणी आलेलं नाही.