आधी बुडवून घ्या

अवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत जास्वंदीची कुंडी बादलीत बुडवून उभी होते. कोरड्या कुंडीला वरून पाणी घालायचं नाही, ती अख्खी बुडवायची आणि बुडबुडे थांबले की मगच बाहेर काढायची, हे मला त्यानेच शिकवलेलं. फोनवर सुलभा होती, माझी भावजय. "ताई, हे उठतच नाहीयेत..." एवढंच म्हणाली. मी तशीच पंचवटीतून रिक्षा करून तिच्याकडे गेले. तेरावं उरकून परतले तेव्हा कुंडी अजून बादलीतच होती आणि जास्वंद पिवळी पडली होती.

अवी माझा धाकटा भाऊ, केमिकल इंजिनीअर. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे त्याच्या कामातलं मला जेवढं कळलं तेवढंच इथे सांगते. आमचा मखमलाबादला फुलांचा मळा होता. वाळलेल्या पिशवीतल्या गुलाबाच्या रोपाला पाणी घातलं की ते कडेकडेने घसरून खालून निघून जायचं आणि आमच्या वडिलांना, आबांना, वाटायचं, झालं पाणी. अवीने एकदा अशी पिशवी ब्लेडने उभी चिरून आतली कोरडी ठाक माती सगळ्यांना दाखवली. आबा म्हणाले, "लय हुशार हाय, पण रोप मारलं ना!" शाबासकी म्हणाल तर ती एवढीच.

पुढे अंबडच्या एका कारखान्यात त्याच्याकडे जो रिअॅक्टर आला, त्याचंही दुखणं हेच निघालं. उंचच उंच लोखंडी टाकी, आत ठासून भरलेल्या वाटाण्याएवढ्या गोळ्या. या गोळ्यांना ते लोक कॅटॅलिस्ट म्हणतात. वरून द्रव झिरपत यायचा, सोबत वायू, आणि दोघांची प्रक्रिया त्या गोळ्यांच्या अंगावर व्हायची. त्यासाठी गोळी न् गोळी ओली असायला हवी. कोरड्या गोळ्यांमध्ये द्रवाने पहिल्यांदा जी वाट धरली तीच तो धरून राहतो, बाकीचा भाग कोरडा राहून तापत जातो. म्हणून सुरू करताना टाकी आधी काठोकाठ भरायची, मग निथळू द्यायची, आणि मगच बारीक धार सोडायची. यात अख्खी एक पाळी जाते. अवी ती कधीही वाचवू द्यायचा नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याचं तेच. भाताच्या मुदीवर वरण पडलं की ते कुठल्या बाजूने उतरतंय हे बघत बसायचा आणि वाढपी पुढे निघून जायचा. आम्ही त्याला यावरून फार छळलं.

मग ती सकाळ आली. दुरुस्तीनंतर प्लँट सुरू करायचा होता, माल न्यायला टँकर फाटकाशी उभा होता. प्लँटचे मोठे साहेब सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणाले, या वेळी भिजवणं राहू दे. अवीने सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, आधी बुडवून घ्या. नंतर कितीही सोडलंत तरी कोरडं ते कोरडंच राहील." खोलीतल्या प्रत्येकाने ऐकलं. बुडवलं नाही. संध्याकाळपर्यंत आत एका बाजूला इतकी उष्णता झाली की गोळ्या वितळून त्यांचा दगड झाला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण रिअॅक्टर गेला. चौकशीत ठरलं की वरून द्रव पसरवणारी भोकांची ताटली तिरकी बसली होती. ती ताटली पाण्याच्या नळीने पातळी लावून अवीने स्वतः बसवलेली. सकाळचं बोलणं कुणालाच आठवेना. त्याला राजीनामा द्यायला लावला, आणि वेडा तोही देऊन आला.

माझा त्याच्यावरही राग आहे, तो का लपवू? "अरे, भांड ना," असं मी किती वेळा म्हटलं. तो म्हणायचा, "ताई, ताटली सरळ होती हे मला माहीत आहे ना." जसं काही त्याच्या माहीत असण्याने त्याचं नाव धुऊन निघणार होतं! नंतर तो तासिकेवर एका कॉलेजात शिकवू लागला. घरी गॅलरीत पुरुषभर उंचीची काचेची नळी उभी केली, पांढऱ्या गोळ्यांनी भरलेली. मुलं आली की आधी कोरड्या नळीत लाल पाणी सोडून दाखवायचा, मग भिजवून. पहिल्या वेळी एका कडेने लाल रेघ, दुसऱ्या वेळी नळी सगळीच लाल. कारखान्यातलं मात्र कुणी कधी बघायला आलं नाही.

आले ते आता. गेल्या महिन्यात कारखान्याच्या हॉलमध्ये श्रद्धांजलीची सभा झाली. मोठे साहेब भाषणात म्हणाले की आमच्याकडे बेड, म्हणजे तो गोळ्यांचा थर, भिजवल्याशिवाय आज कुठलाही प्लँट सुरू होत नाही, ही त्यांची देणगी. टाळ्या वाजल्या... श्रद्धांजलीला टाळ्या. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी का नाही भिजवला?" ते कप खाली ठेवत म्हणाले, "ताई, आज तो विषय नको." त्याच दमात त्यांनी ती नळी मागितली, ट्रेनिंग हॉलसाठी, अवीच्या नावाची पाटी लावून.

सुलभा थकलेली होती, म्हणाली, देऊन टाकू. मी नाही म्हटलं. न्यायला आलेल्या तरुण इंजिनीअरला सांगितलं की नळी जरूर न्या, पण पाटीवर लिहा, यांनी आधी बुडवायला सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. त्याने खाली जाऊन फोन केला, वर येऊन म्हणाला, "नाव टाकू म्हणतात, बाकीचं नको." बिचारा रिकामी गाडी घेऊन परत गेला. नंतर कुणी आलं नाही.

नळी आता माझ्या गॅलरीत आहे, जास्वंदीच्या जागी. इतके दिवस कुणी हात न लावल्याने गोळ्या पार वाळून गेल्या होत्या. परवा मी तिच्यात वरून तांब्याभर लाल पाणी ओतलं. ते सरळ एका कडेने खाली गेलं, बाकीच्या गोळ्या पांढऱ्याच्या पांढऱ्या. ती रेघ तशीच वाळू दिली आहे. अवी असता तर चिडला असता, म्हणाला असता, ताई, आधी बुडवून घे... नाही बुडवणार. साहेब येऊन बघेपर्यंत नाही.