गुणाबाईचा डावा हात

गुणाबाई हसते तेव्हा ओठ मिटून हसते. पनवेलच्या मासळी बाजारात तीस वर्षं बसलेली बाई. आवाज असा, की तिनं भाव सांगितला की रस्त्यापलीकडचा रिक्षावाला मान वळवतो. हसू मात्र दाबलेलं. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई गर्विष्ठ आहे. गर्विष्ठ तर ती आहेच. पण ओठ मिटण्याचं कारण निराळं, आणि ते दोघांनाच माहीत असायला हवं होतं. एक ती स्वतः. दुसरा ते विसरून गेला होता.

नऊ वर्षांपूर्वी तिची उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. तिनं लवंग धरली, मिश्री दाबली. तिसऱ्या दिवशी गाल पावासारखा फुगला, तेव्हा पाटी जावेकडे सोपवून ती एका नव्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता, कल्पेश नाव. बाहेर बाकावर सहा माणसं बसलेली, आणि त्याचं सगळं लक्ष त्या सहा माणसांकडे. त्यानं सुई टोचली. हिरडी बधिर व्हायची वाट न बघता पक्कड घातली.

गुणाबाईनं डावा हात वर केला. थांब, एवढंच म्हणायचं होतं तिला.

"हात धर रे हिचे," डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला.

दोन्ही हात धरून दाढ उपटली गेली. त्या खुर्चीत तिचं लुगडं ओलं झालं. ती पदर सावरत बाहेर आली, तेव्हा डॉक्टर दारात उभा राहून बाकावरच्या माणसांना म्हणाला, "जन्मभर माशांची मुंडकी छाटतात, आणि एका दाताला सगळा गाव गोळा करतात. खिडकी उघड रे, वास जाऊ दे."

बाक हसला. हसणाऱ्यांत तिचं एक रोजचं गिऱ्हाईक होतं.

त्यानंतर ती कुठल्याही दातांच्या खुर्चीत बसली नाही. एकामागून एक चार दात किडले. भात कालवणात कुस्करून ती उजव्या हिरडीनं चघळून गिळू लागली. चिंबोऱ्या विकणाऱ्या बाईला नऊ वर्षं चिंबोरीचा पाय दातानं फोडता आला नाही, याहून मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही. दर वर्षी ती कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी जाई. दात बरे होण्याचा नवस तिनं कधी केला नाही. "तो मानूस एकदा माज्यासमोर आन," एवढंच मागितलं.

आईनं वेळ घेतला, पण आणला.

हव्वाबी ही तिची जुनी गिऱ्हाईक. तिची मुलगी यूम्ना लहानपणी आईचा बुरखा धरून या ओट्याशी उभी राहायची आणि कोलंबीच्या मिशा मोजायची. ती आता दातांची डॉक्टर झाली होती, आणि डॉक्टरांनाही शिकवत होती. काय शिकवते, ते तिनं एका सकाळी मांदेली घेताना सांगितलं.

"मोठी माणसं घाबरतात, मावशी. पोरांपेक्षा जास्त. पण लाजेनं सांगत नाहीत. त्यांना बेशुद्ध नाही करायचं. नाकावर एक मऊ टोपी ठेवायची, त्यातून गोडसर वासाची हवा द्यायची. माणूस जागा राहतो, बोलतो, विचारलं तर उत्तर देतो. फक्त भीतीची गाठ सैल होते. हे डॉक्टरांना शिकवायचं. पहिल्या दिवशी ते स्वतः ती हवा घेऊन बघतात. दुसऱ्या दिवशी मला खरी घाबरणारी माणसं लागतात. तुम्ही या ना. दात तसेही दुखतात तुमचे."

"मी? त्यापेक्षा मना खाडीत ढकल."

"बरं, राहू दे. कोन गावाहून एक डॉक्टर येणार आहेत, नेऱ्याहून एक, आपल्या इथले तिघं. ते डॉक्टर कल्पेश आहेत ना, नवीन टॉवरखाली मोठं क्लिनिक आहे त्यांचं, त्यांनी तर बोर्डसुद्धा छापून घेतलाय. 'भीतीविना दंतोपचार.' सर्टिफिकेट मिळायच्या आधीच!" यूम्ना हसली.

गुणाबाईच्या हातात त्या वेळी चिंबोरी होती. नांग्या बांधायचा दोरा तिनं असा आवळला, की एक नांगी तुटून ओट्यावर पडली.

"बाय," ती म्हणाली, "त्या डॉक्टरला पास कोन करतंय?"

"मी करते. पण माझा एक नियम आहे. काम कितीही चांगलं झालं तरी शेवटी मी पेशंटला विचारते, या डॉक्टरकडे परत जाल का? पेशंट नाही म्हणाला, तर मी सही करत नाही."

"येते मी. पन मना त्याच्याकडंच दे. नाव ऐकलंय त्याचं."

यूम्नाला वाटलं, बोर्डाची कीर्ती पोचली. ती खूश होऊन गेली.

शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, गुणाबाई हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून गेली. उपचारानंतर घरी नेणारं माणूस बरोबर हवं, म्हणून सून समृद्धी सोबत होती. खोलीत पाच डॉक्टर, मधे खुर्ची, बाजूला हवेच्या दोन टाक्या. कल्पेश पुढे आला. पोट सुटलं होतं, कपाळ मागे सरकलं होतं, पण बोटं तीच. गुणाबाईनं बोटांवरून ओळखलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "या मावशी, बसा."

ओळखलं नाही. मारणाऱ्याला कुठं आठवतं. पण हे तिला नव्यानं झोंबलं.

शिकवल्याप्रमाणे तो स्टुलावर बसला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. विचारपूस नीट केली. रक्तदाब पाहिला, बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला, नाक चोंदलंय का विचारलं.

"तंबाखू?"

"नाय."

"मिश्री?"

"ती लावते. ती काय तंबाखू हाय?"

सगळे हसले, तोही हसला, पण कागदावर लिहिलं. मग यूम्नानं मागून सुचवलं, "भीतीचा इतिहास."

"हां. मावशी, दाताच्या डॉक्टरची भीती कशामुळे बसली? आधी काही झालं होतं का?"

गुणाबाई या प्रश्नाची नऊ वर्षं वाट पाहत होती, फक्त तो हाच माणूस विचारेल हे तिला माहीत नव्हतं. तिनं सावकाश सांगितलं. सुई, पक्कड, वर केलेला हात, धरलेले हात. लुगड्याचंही सांगितलं, पाच परक्या माणसांसमोर, मान खाली न घालता. शेवटी त्या बाकाचं हसणं सांगितलं. माशांची मुंडकी आणि वासाची खिडकी मात्र तिनं पोटात ठेवली.

कल्पेश लिहीत होता. त्याचं पेन थांबलं नाही.

"वाईट झालं, मावशी. असल्या लोकांमुळेच आमचं नाव खराब होतं. कोण होता तो?"

"हाय एक. नाव सांगेन मी, घाई काय हाय?"

"आज असं होणार नाही. काहीही वाटलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन. शब्द देतो."

"बघू या."

नाकावर टोपी बसली. आधी नुसता प्राणवायू, मग दुसरी हवा, थोडी थोडी वाढवत. यूम्ना बाजूला उभी राहून आकड्यांवर लक्ष ठेवून होती. गुणाबाईला एकच धास्ती होती. ही हवा भीतीबरोबर आपला रागही घेऊन गेली तर? ओठ घट्ट मिटून ती रागाला धरून बसली. हळूहळू तळपायांना मुंग्या आल्या. भरतीच्या पाण्यावर होडी बांधून ठेवावी, तसं अंग हलू लागलं. भीती ओहोटीच्या पाण्यासारखी मागं गेली. आणि पाणी गेल्यावर खाडीत खडक उघडा पडावा, तसा खाली राग दिसला. शेवाळलेला, जागच्या जागी.

तेव्हा तिला मनात हसू आलं.

कल्पेशनं सुई उचलली. तिचा डावा हात वर गेला.

"थांबलो. सांगा, मावशी."

"काय नाय. बघत होती, थांबतोस का."

नेऱ्याचा डॉक्टर खुदकन हसला. सुई टोचून झाली, अजिबात दुखली नाही. हिरडी बधिर व्हायची वाट पाहताना हात पुन्हा वर.

"सांगा."

"पंखा बारीक कर."

पंखा बारीक झाला. पक्कड दाताला लागताच हात. त्यानं पक्कड बाहेर काढली. "पंखा मोठा कर." दात हलू लागला तसा हात. मग आणखी एकदा, तोंड उघडं असल्यानं तिला बोलता येईना, तर तिनं नुसतं बोट हलवून त्याला 'चालू दे' म्हटलं, गिऱ्हाइकाला पुढं सरकवतात तसं. सातव्या वेळी भिंतीशी उभे असलेले चौघंही हसू दाबत होते आणि कल्पेशचे कान तांबडे झाले होते. पण तो थांबला. सातही वेळा थांबला. दात अलगद निघाला.

पाच मिनिटं नुसता प्राणवायू दिला, टोपी काढली, दाताखाली कापूस दिला. अर्धा तास कापूस धरून ती बाजूच्या खुर्चीत बसली. तिकडे बाकीचे कल्पेशच्या पाठीवर थाप मारत होते. "तुमची पेशंट सगळ्यात भारी होती, डॉक्टर!" तिनं त्याला अर्धा तास खूश राहू दिलं. जाळ्यात आलेला मासा लगेच उचलू नये.

मग यूम्ना कागद घेऊन आली. "मावशी, दुखलं?"

"जरापन नाय."

"भीती वाटली?"

"नाय."

"या डॉक्टरकडे परत जाल का?"

"नाय," गुणाबाई म्हणाली. "तो हाच हाय, बाय. हात धरनारा."

कल्पेश म्हणाला, "काहीतरी गैरसमज होतोय. मला तर आठवतही नाही."

"स्टेशनच्या बाजूचा जुना दवाखाना. हिरवा बाक. 'जन्मभर माशांची मुंडकी छाटतात, आनि एका दाताला सगळा गाव गोळा करतात.' आनि वास जावा म्हनून खिडकी उघडायला सांगितलीस. आता येतंय आठवन?"

त्याचा चेहरा बघून सगळ्यांना कळलं, आठवलं म्हणून.

"पण मावशी, आज तर मी सातदा थांबलो!"

"थांबलास की. म्हंजे थांबता येतं तुला. तवा बी येत होतं. आज पाच जनं बघत होती."

कल्पेश यूम्नाकडे वळला. "मॅडम, माझ्या कामात काही चूक झाली?"

"नाही."

"मग? नऊ वर्षांपूर्वीचं आज मोजणार का? बोर्ड लावून झालाय माझा."

यूम्नानं पेनाला टोपण लावलं. "नियम तुम्हाला काल सकाळी वाचून दाखवला होता, डॉक्टर. तुम्ही मान डोलावली होती. पुढची बॅच मार्चमध्ये आहे. तोपर्यंत बोर्ड झाकून ठेवा."

तो गेला. वाटेतल्या चौघांनी बाजूला होऊन रस्ता दिला, पण कुणी पाठीवर थाप मारली नाही.

यूम्ना मागाहून हळू म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगितलं असतं, तर मी त्याला तुमच्या जवळही येऊ दिलं नसतं."

"म्हनून तर नाय सांगितलं."

"आता तुमचे तीन दात राहिलेत. उद्या या, मी स्वतः काढते."

"नको. मार्चला येईन. त्याच्याच हातनं काढून घेईन."

"त्याच्या? आत्ताच तर परत जाणार नाही म्हणालात!"

"त्याच्या दवाखान्यात नाय जानार. हितं येईन, समद्यांसमोर. तू उभी रहा बाजूला, आनि शेवटी तो सवाल मना परत इचार."

समृद्धीनं कपाळावर हात मारला. "आई, तोवर ठणकंल ना!"

मार्चला आता बावीस दिवस उरलेत. टॉवरखालच्या बोर्डावर अजून निळं प्लास्टिक आहे. वाऱ्यानं त्याचं एक टोक सुटतं आणि फडफडतं. बाजारात गुणाबाईचा डावा गाल गेल्या आठवड्यापासून थोडा सुजलाय. हव्वाबी रोज म्हणते, "अगं, यूम्ना घरीच आहे, चल ना, दोन मिनिटांचं काम." गुणाबाई मान हलवते, लवंग दाताखाली सरकवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चिंबोरी दाखवते.

दुखतं तिला. पण मार्चपर्यंत तो दात पडता कामा नये, एवढीच काळजी तिला लागली आहे.