खडूचा ट्रेलर

कटिंग मास्तरांनी आयुष्यात रेडीमेड काही विकत घेतलं नव्हतं. कोट-पँट तर सोडाच, घरातले उशांचे अभ्रेसुद्धा एकेका उशीचं माप घेऊन बेतलेले. त्यामुळे ट्रेलरवाल्याच्या आवारात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "हा कोणाच्या मापाने बनवलाय?"

"स्टँडर्ड साइज आहे. दोन माणसं आरामात झोपतात."

"कोणती दोन?"

ट्रेलरवाल्याने मदतीसाठी मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. ती तोवर आत जाऊन आडवीसुद्धा झाली होती.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक गुटगुटीत पेटी. आत फक्त गादी, मागचं झाकण उचललं की ओटा आणि शेगडी. उभं राहायची सोय नाही, पण मास्तरांची कोट पोचवायची जुनी मोटार एवढंच ओढू शकत होती. बायकोला तो बघताक्षणी पसंत पडला. महिनाअखेर तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, मग कित्येक महिने कुठे जाणं नाही. त्याआधी एकदा तळ्याकाठी झोपून सकाळी उठायचं, एवढंच तिचं मागणं. एकतीस वर्षं तिने दुकानात बसून काजं केली, बटणं लावली, आणि दर वर्षी मास्तर म्हणाले, गर्दीचा सीझन उरकला की जाऊ.

"शनिवारपर्यंत ठेवतो," ट्रेलरवाला म्हणाला. "मग दुसरं गिऱ्हाईक आहे. हवं तर एक दिवस नेऊन बघा."

मास्तरांना ते पटेना. तयार कोट अंगावर चढवून बघणं म्हणजे काय ट्रायल? ट्रायल असते ती कच्च्या शिलाईची.

म्हणून सोमवारी त्यांनी दुकानातलं कटिंगचं टेबल भिंतीला सरकवलं आणि फरशीवर खडूने ट्रेलर आखला. सात फूट लांब, साडेचार फूट रुंद, उजवीकडे दार. गुरुवारपर्यंत मुक्काम आतच. जायचं-यायचं ते दारातून, आणि उभं राहायचं नाही. बायकोने कपाळाला हात लावला, पण उशी घेऊन दारातूनच आत गेली. माणूस एकदाचा तयार होतोय, तर कशाला मोडता घाला.

मंगळवारी वकीलसाहेब कोट न्यायला आले. मास्तर फरशीवर आडवे होते.

"मी गावाला गेलोय," मास्तर म्हणाले. "गुरुवारी येईन."

वकिलांनी हुज्जत घातली नाही. त्यांनी खाली बसून हवेवर टकटक केली. "या, पण वाकून या," बायको म्हणाली. वकील वाकून आले, पाय पोटाशी घेऊन चहा प्यायले आणि जाताना रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत वाकलेलेच गेले.

बुधवारी बायकोचा भाऊ आला. तो बस चालवायचा, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही गोष्टीत त्याचा शब्द शेवटचा. "खिडकी कुठाय? गुदमराल दोघं," तो म्हणाला. मास्तरांनी खिडकी आखली. बायकोने त्यातून पाहिलं तर पलीकडे दोऱ्यांच्या रिळांचं कपाट.

"तळं दिसत नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी निळा खडू घेतला आणि खिडकीबाहेर चार बाय तीनचं तळं काढलं, कडेने टेपने तपासून. दुपारी एक बाई चेन बदलायला आली ती नेमकी त्यात उभी राहिली. "जरा काठावर या, भिजाल," मास्तर म्हणाले, आणि ती बिचारी खरंच साडी सावरत बाजूला झाली.

इतकं झालं तरी फिटिंग काही मनासारखं येईना. कोपर अडतंय म्हणून मास्तरांनी एक भिंत चार इंच सैल केली, मग टाचांपाशी सहा इंच सोडले. गुरुवार दुपारपर्यंत ट्रेलर दहा फूट बाय आठ फूट झाला. असा ट्रेलर ओढायला वकीलसाहेबांसकट सगळी गिऱ्हाइकं जुंपावी लागली असती.

बायको उठली. बादली आणि ओलं फडकं घेऊन आली, दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी बसली आणि पुसायला लागली. आधी तळं, मग भिंत.

"अगं, आपण आत आहोत अजून."

"तुम्ही आहात." तिने फडकं पिळलं. "खरं सांगा, तुम्हाला यायचंच नाहीये ना?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"इथे आपल्यामध्ये मशीन असतं," ते म्हणाले. "मी मापं सांगतो, तू लिहितेस. छाती, बाही, कॉलर. एकतीस वर्षं आपण तेवढंच बोललो. तिथे मशीन नसणार. दोन तासांत तुला माझा कंटाळा आला तर मी काय करू? कपडा असता तर उसवून दुरुस्त केला असता."

तिला हसूही येत होतं आणि रागही.

"कंटाळा मला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आला होता," ती म्हणाली. "मग गेला. परत आला, परत गेला. त्याने माझं काही अडलं नाही. तळ्यावाचून अडलंय. हात द्या, उठवत नाही मला."

मास्तरांनी हात दिला. दोघं पुसलेल्या भिंतीतून सरळ बाहेर पडली आणि शुक्रवारी सकाळी ट्रेलर घेऊन आली. टेप मास्तरांच्या गळ्यात होती, पण त्या टेपला त्यांनी हात लावला नाही.

रविवारी उजाडलं तेव्हा तळ्यावर धुकं होतं. ट्रेलरमध्ये मास्तरांचं एक कोपर खिडकीत आणि दुसरं बायकोच्या बरगडीत होतं. उघड्या दाराकडे तोंड करून दोघं बसली होती. तासभर कोणी बोललं नाही. मास्तरांनी सांगायला म्हणून दोन-तीन गोष्टी मनात जुळवल्या, पण त्या सगळ्या कोटांच्याच निघाल्या.

"आला का कंटाळा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आला," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पाण्याकडे बघत बसली.